जकातनाक्यावर नेमके कोणाचे रक्षण होते?

२६ जानेवारीला आपण प्रजासत्ताक दिन साजरा करतो. त्याच दिवशी जगभरची कस्टम्स खाती आंतरराष्ट्रीय सीमाशुल्क दिन पाळतात, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असते. २६ जानेवारी १९५३ रोजी ब्रुसेल्स येथे सीमाशुल्क सहकार्य परिषदेची पहिली बैठक भरली. तीच संस्था आज जागतिक सीमाशुल्क संघटना म्हणून ओळखली जाते. संविधान अमलात आले तो दिवस आणि हा दिवस एकच येणे हा निव्वळ योगायोग आहे. पण या योगायोगाचा उपयोग करून एक प्रश्न विचारायला काय हरकत आहे?

कस्टम्स खात्याचे दोन दावे असतात. पहिला, आम्ही समाजाचे रक्षण करतो. दुसरा, आम्ही व्यापार सुलभ करतो. ऐकायला दोन्ही चांगले आहेत. पण समाज म्हणजे कोण? आणि व्यापार कोणाचा? या देशात "समाज" हा शब्द उच्चारला की आपण आधी विचारले पाहिजे, यात आम्ही मोजलेले आहोत का? जकातीचा इतिहास याच प्रश्नाच्या उजेडात वाचला, तर हे रूक्ष वाटणारे खाते जातिव्यवस्थेबद्दल आणि राजसत्तेबद्दल बरेच काही सांगून जाते.

कौटिल्य, मनू आणि तथागत

अर्थशास्त्रात शुल्काध्यक्ष नावाच्या अधिकाऱ्याचे सविस्तर वर्णन आहे. नगराच्या महाद्वाराशी शुल्कशाळा, तिच्यावर ध्वज, चार-पाच कारकून. व्यापारी कोण, कुठून आला, माल किती, पहिली मुद्रा कुठे उमटली, हे सारे ते लिहून घेणार. आजच्या बिल ऑफ एंट्रीचे हे पूर्वजच म्हणा. राष्ट्राला पीडा देणारा माल रोखावा आणि लोकांना उपकारक असलेला माल, तसेच दुर्मिळ बियाणे, शुल्क न घेता येऊ द्यावे, हेही कौटिल्याने सांगितले आहे. म्हणजे रक्षण आणि सुलभता ही जोडगोळी ब्रुसेल्समध्ये जन्मलेली नाही. ती आपल्याकडे फार जुनी आहे.

पण त्याच प्रकरणात शुल्कमाफीची यादी वाचा. विवाहाचा माल, यज्ञाचा माल, देवपूजा, चौल, उपनयन, गोदान, व्रत, दीक्षा यांसाठी नेलेला माल शुल्कमुक्त. उपनयन कोणाचे होत होते? यज्ञ कोण करवीत होते? ज्यांना उपनयनाचा अधिकारच नव्हता त्यांनी आपल्या घामाचा माल वेशीवर आणला की शुल्क द्यायचे, आणि विधीच्या नावाने चाललेला माल मात्र तसाच आत जायचा. मनुस्मृतीने हीच गोष्ट आणखी उघडपणे केली. नदी उतरताना तराचा पैसा कोणी देऊ नये, याच्या यादीत गरोदर स्त्री आहे, संन्यासी आहे, आणि वेद शिकणारा ब्राह्मणही आहे. गरोदर स्त्रीची सवलत माणुसकीची आहे, ती कोणीही मान्य करील. पण वेद शिकणाऱ्या ब्राह्मणाला सवलत आणि भर उन्हात ओझे वाहणाऱ्या शूद्राला नाही, हे कोणत्या न्यायाचे? वर हाच ग्रंथ सांगतो की सामर्थ्य असले तरी शूद्राने धनसंचय करू नये. ज्याला धन साठवायचीच बंदी, त्याच्यासाठी व्यापार सुलभ असला काय आणि नसला काय! २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जो ग्रंथ जाळला गेला, त्यात पाणवठ्याचीच नव्हे तर बाजारपेठेचीही विषमता लिहिलेली होती.

आता दुसरी परंपरा पाहा. पाली विनयपिटकात पाराजिकाच्या दुसऱ्या नियमाच्या स्पष्टीकरणात "सुंकघात" असा शब्द येतो. सुंक म्हणजे शुल्क. डोंगराच्या खिंडीत, नदीच्या उतारावर किंवा गावाच्या वेशीवर राजाने शुल्काचे ठाणे बसवले असेल आणि भिक्खूने चोरीच्या हेतूने शुल्कपात्र माल त्या हद्दीपलीकडे नेला, तर ती चोरी आहे. मालाची किंमत पाच मासक किंवा अधिक असेल तर तो भिक्खूच राहत नाही. लक्षात घ्या, इथे धर्माच्या माणसाला सवलत दिलेली नाही. उलट चीवर अंगावर आहे म्हणून शुल्क चुकवता येणार नाही, हे त्याला अधिक कडकपणे बजावले आहे. एकीकडे धर्माच्या नावाने माफी, दुसरीकडे धम्माच्या नावाने जबाबदारी. दोन परंपरांमधला फरक समजायला एवढे उदाहरण पुरे आहे.

उपासकांसाठी तथागतांनी पाच व्यापार वर्ज्य सांगितले : शस्त्रांचा व्यापार, प्राण्यांचा म्हणजे माणसांच्या खरेदी-विक्रीचाही व्यापार, मांसाचा व्यापार, मद्याचा व्यापार आणि विषाचा व्यापार. (मांसाचा उल्लेख पकडून कोणी गोरक्षकांच्या काठीचे समर्थन करू नये. हा उपासकाला केलेला शीलाचा उपदेश आहे, दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात घुसण्याचा परवाना नव्हे.) आज कोणत्याही देशाच्या कस्टम्स खात्याची प्रतिबंधित मालाची यादी काढा. शस्त्रे व स्फोटके, माणसांची तस्करी, वन्यजीव, अमली पदार्थ, विषारी कचरा. अडीच हजार वर्षांपूर्वीची यादी आणि आजची यादी यांत किती साम्य आहे, हे ज्याचे त्याने पाहावे.

आपल्या महाराष्ट्रातील लेणी व्यापारी मार्गांवर कोरलेली आहेत. कार्ले, जुन्नर, कान्हेरी येथील दानलेखांत व्यापारी आणि कारागीर दिसतात. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत उषवदाताचा लेख आहे. त्यात दमणा, तापी, डहाणुका अशा नद्यांवर त्याने पुण्यार्थ फुकट नावा ठेवल्याची नोंद आहे. त्याच उषवदाताने ब्राह्मणांनाही भरघोस दाने दिली, हे त्याच लेखात आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही. पण फुकट नाव ही वाट चालणाऱ्या प्रत्येकाची सोय होती. आणखी एका लेखात त्याने तीन हजार कार्षापण नाशिकच्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवून त्याचे व्याज भिक्खूंसाठी लावून दिल्याचे लिहिले आहे. विणकराच्या हाती भांडवल आणि प्रवाशाला फुकट उतार! व्यापार सुलभ करणे याला म्हणतात.

मिठाभोवतीचे कुंपण

कंपनी सरकार आले आणि जकातीचा चेहरा बदलला. बाबासाहेबांनी कोलंबिया विद्यापीठात १९१५ साली लिहिलेला प्रबंध ईस्ट इंडिया कंपनीच्या प्रशासन व वित्तव्यवस्थेवर आहे. पुढे १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्ताच्या ग्रंथात त्यांनी कंपनीच्या करपद्धतीचा हिशेब मांडला. जमीन महसुलाने शेतीची भरभराट होऊ दिली नाही आणि जकातीने उद्योगांचा गळा आवळला, देशाच्या आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन्ही जकाती व्यापाराला सारख्याच मारक होत्या, असा त्यांचा निष्कर्ष होता. बाबासाहेबांना फक्त सामाजिक प्रश्नांपुरते मर्यादित करणाऱ्यांनी हा ग्रंथ उघडून पाहावा.

आतली जकात म्हणजे काय, याचा सर्वांत भयंकर नमुना म्हणजे मिठाची सीमारेषा. राजपुतान्यातले आणि पश्चिमेकडचे स्वस्त मीठ कर न भरता ब्रिटिश मुलखात येऊ नये, म्हणून इंग्रजांनी देशाच्या आरपार एक कस्टम्स रेषा आखली. १८६९ च्या सुमारास ही रेषा सिंधूपासून महानदीपर्यंत सुमारे २,३०० मैल पसरली होती, आणि तिच्यावर जवळपास १२,००० माणसे पहाऱ्याला होती. शेकडो मैलांवर बोरी, बाभूळ, निवडुंग लावून जिवंत काटेरी कुंपण वाढवले होते. आपल्या खानदेशाला लागून असलेले बुऱ्हाणपूर याच रेषेवर येत होते. जगात इतकी मोठी कस्टम्स यंत्रणा कशासाठी? बंदुका अडवायला? अफू अडवायला? नाही. गरिबाच्या भाकरीबरोबरचे मीठ अडवायला!

मीठ श्रीमंतालाही तेवढेच लागते आणि मजुराला तर घाम गाळल्यामुळे जास्तच लागते. म्हणून मिठावरचा कर हा सर्वांत गरिबाच्या पाठीवर पडणारा कर असतो. ज्यांच्याकडे जमीन नाही, गुरे नाहीत, त्यांच्याकडूनही कर काढायची ही युक्ती होती. १८६७ ते १८७० या काळात या खात्याचे प्रमुख कोण होते? अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम. हेच ते गृहस्थ, ज्यांना १८८५ मध्ये स्थापन झालेल्या काँग्रेसचे जनक म्हणतात. कुंपण वाढवण्यात आणि बळकट करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. १८७९ मध्ये ही रेषा उठवली गेली, कारण मीठ जिथे तयार होते तिथेच कर वसूल करण्याची सोय सरकारने करून घेतली होती. कुंपण गेले, पण कर राहिला.

विषाचा व्यापारी सरकारच असेल तर?

मीठ अडवणारे हेच सरकार अफू मात्र जहाजे भरभरून बाहेर पाठवत होते. बंगालच्या अफूवर कंपनीची मक्तेदारी होती. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात असे आणि त्यावर सरकार पासाचे शुल्क घेत असे. मुंबईच्या अनेक धनिक घराण्यांची संपत्ती या व्यापारातून उभी राहिली, हा इतिहास आता लपलेला नाही.

चीनने काय केले? १८३९ मध्ये लिन झेशू या अधिकाऱ्याने कँटनमध्ये व्यापाऱ्यांकडून वीस हजारांहून अधिक पेट्या अफू जप्त केली आणि हुमेनच्या किनाऱ्यावर चुना व मीठ घालून ती नष्ट केली. एका देशाच्या सीमेवरच्या अधिकाऱ्याने आपल्या समाजाचे रक्षण करण्याचे कर्तव्य बजावले. उत्तरादाखल ब्रिटनने युद्ध लादले. १८४२ च्या नानकिंग तहात हाँगकाँग गेले, दंड बसला आणि स्वतःचे आयात शुल्क स्वतः ठरवण्याचा चीनचा हक्कही गेला. पुढे चीनच्या सागरी कस्टम्स खात्याचा प्रमुख म्हणून रॉबर्ट हार्ट हा ब्रिटिश माणूस दशकानुदशके बसला. "मुक्त व्यापार" या गोंडस नावाखाली विष विकले गेले. व्यापार सुलभ झाला, पण समाज उद्ध्वस्त झाला. सुलभता आणि रक्षण यांतले एकच निवडले की काय होते, याचा हा धडा आहे.

गिरणीचे रक्षण, गिरणीतला बहिष्कार

आपल्याकडे तोच खेळ कापडावर झाला. मँचेस्टर-लँकेशायरच्या गिरणीमालकांच्या दबावाखाली १८७९ मध्ये लॉर्ड लिटनने आपल्याच कौन्सिलमधील बहुमत डावलून काही सुती कापडावरचे आयात शुल्क काढले, आणि १८८२ मध्ये उरलेलेही गेले. पुढे तिजोरीत खड्डा पडला म्हणून शुल्क परत आणावे लागले. पण विलायती मालाला स्पर्धा नको म्हणून १८९६ मध्ये आयात कापडावर साडेतीन टक्के आणि तेवढेच उत्पादन शुल्क देशी गिरणीच्या कापडावरही लावले. आपल्याच देशात आपल्याच मालावर केवळ परक्याचा तोटा होऊ नये म्हणून कर! हा अन्यायी कर १९२६ पर्यंत टिकला.

इथपर्यंतची गोष्ट शाळेच्या पुस्तकात येते. पुढची येत नाही. हा कर रद्द झाला आणि १९३० मध्ये कापड उद्योगाला संरक्षण देणारा कायदाही झाला. "स्वदेशी उद्योग वाचला" म्हणून जल्लोष झाला. पण त्या स्वदेशी गिरणीच्या आत काय चालले होते? साचेखात्यात, म्हणजे जिथे कापड विणले जाई आणि पगारही चांगला असे, तिथे अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. कारण? धोट्यातून धागा ओढताना तो तोंडाने ओढावा लागे, आणि अस्पृश्याच्या ओठांना लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नव्हता. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना हा प्रश्न थेट विचारला आणि अस्पृश्य कामगारांचा साचेखात्यातला हक्क मागण्यांमध्ये घ्यायला लावला. मालकांनी सांगितले की ही बंदी आम्ही घातलेली नाही. मग घातली कोणी?

मित्रांनो, इथेच आपला मुद्दा आहे. आयात शुल्काची भिंत उभारून मालकाचा नफा वाचतो, देशाचा उद्योग वाचतो, हे खरे. ते आवश्यकही असते. पण त्या भिंतीच्या आत जातीची दुसरी भिंत शाबूत असेल तर "राष्ट्राचे रक्षण" झाले असे आम्ही म्हणायचे का? आर्थिक राष्ट्रवाद मांडणाऱ्यांनी या प्रश्नाचे उत्तर कधीच दिले नाही. ते विचारले फक्त बाबासाहेबांनी.

संविधानाने चौकट बदलली

१९५० नंतर चौकट बदलली. कलम २६५ : कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणताही कर लावता किंवा वसूल करता येणार नाही. कलम ३०१ : भारताच्या संपूर्ण मुलखात व्यापार मुक्त राहील. मिठाच्या कुंपणाचा देश पाहिलेल्या पिढीला या कलमाचे मोल कळत होते. सीमाशुल्क हा विषय केंद्राच्या सूचीत गेला. कलम १९ ने प्रत्येक नागरिकाला कोणताही व्यवसाय, व्यापार करण्याचा हक्क दिला आणि सर्वसाधारण जनतेच्या हितासाठी त्यावर वाजवी निर्बंधही ठेवले. शूद्राने धन साठवू नये म्हणणाऱ्या स्मृतीला दिलेले हे कायदेशीर उत्तर आहे. कलम २३ ने माणसांचा व्यापार आणि वेठबिगार बंद केली. कलम ४७ ने अपायकारक मादक द्रव्यांना आळा घालण्याचा प्रयत्न हे राज्याचे कर्तव्य ठरवले. पंच वर्ज्य व्यापारांतले किती व्यापार इथे आले, ते मोजा.

१८७८ चा सी कस्टम्स अ‍ॅक्ट जाऊन सीमाशुल्क अधिनियम १९६२ आला. त्याच्या ११ व्या कलमात कोणत्या हेतूंनी माल रोखता येतो याची यादी आहे. देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, माणसांचे व प्राण्यांचे आरोग्य, आणि कलात्मक, ऐतिहासिक व पुरातत्त्वीय ठेव्यांचे रक्षण. शेवटचा मुद्दा आपल्या जिव्हाळ्याचा आहे. १९६१ मध्ये नालंदाच्या संग्रहालयातून १४ मूर्ती चोरीला गेल्या. त्यातली बाराव्या शतकातली एक बुद्धमूर्ती २०१८ मध्ये लंडनहून परत मिळाली. आपला वारसा देशाबाहेर जातो तो कुठल्या ना कुठल्या सीमेवरूनच.

पण कायदा चांगला असून भागत नाही. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी बजावले होते की संविधान कितीही चांगले असले तरी ते राबवणारे वाईट निघाले तर ते वाईट ठरेल. याचा रक्तरंजित पुरावा आपल्याच राज्यात आहे. महाड ज्या रायगड जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, दिघी आणि शेखाडी येथे १९९३ च्या सुरुवातीला शस्त्रे आणि आरडीएक्स उतरले. १२ मार्चला मुंबईत स्फोट झाले आणि २५७ माणसे मेली. पुढे टाडा न्यायालयाने ज्यांना दोषी ठरवले त्यांत कस्टम्सचे अधिकारी आणि पोलीसही होते. चांदी-सोन्याच्या तस्करीकडे डोळेझाक करण्याची सवय लागली की एक दिवस त्याच वाटेने स्फोटके येतात. लाच म्हणजे फक्त सरकारी तिजोरीचे नुकसान, असे समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

उलट उदाहरणही आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये गुजरातच्या मुंद्रा बंदरात डीआरआयच्या अधिकाऱ्यांनी टाल्क म्हणून आलेल्या कंटेनरमधून जवळपास ३,००० किलो हेरॉईन पकडले. ते गावोगाव पोहोचले असते तर पहिला बळी कोण गेला असता? झोपडपट्टीतला बेरोजगार पोरगाच ना? आणि २००४ मध्ये गाझियाबादजवळच्या एका पोलाद कारखान्यात परदेशातून आलेल्या भंगारातले जिवंत तोफगोळे फुटून दहा कामगार मेले. बंदरावर तपासणी ढिली पडली की मरतो तो भंगार वेगळे करणारा. या देशात भंगार आणि कचरा वेचणारे हात बहुतेक कोणत्या जातींचे आहेत, हे मी सांगायला नको. म्हणून कडक कस्टम्स ही श्रीमंतांची चैन नाही. ती सर्वांत आधी आपल्या वस्त्यांची गरज आहे.

आता आपले काम

राहिला दुसरा दावा, व्यापार सुलभ करण्याचा. कागद संगणकावर गेले, जोखीम पाहून निवडक कंटेनरच उघडले जाऊ लागले, हे चांगलेच आहे. पण सुलभ झालेल्या व्यापारात आपण कुठे आहोत? जून २०२५ मध्ये इटलीच्या एका बड्या फॅशन कंपनीने मिलानमध्ये कोल्हापुरी चपलेसारख्या चपला मंचावर आणल्या, तेव्हा सगळीकडे संताप झाला. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. चामडे कमावणारे आणि चपला शिवणारे हात चर्मकार समाजाचे. पिढ्यान्‌पिढ्या ज्या कामासाठी त्यांना विटाळ मानले, त्याच कामाचा माल युरोपात मिरवतो. संताप रास्त होता. पण प्रश्न असा की तो माल आपण स्वतः का पाठवू नये? परदेशी माल पाठवायला आयात-निर्यात संकेतांक लागतो. तो परकीय व्यापार महासंचालनालयाकडून ऑनलाइन मिळतो आणि त्याचे शुल्क ५०० रुपये आहे. कस्टम्स ब्रोकरचा परवाना परीक्षा देऊन मिळतो. ही दारे जातीने बंद केलेली नाहीत, पण ती कुठे आहेत हे आपल्या पोरांना कोणी सांगत नाही.

तसेच नोकरीचे. स्पर्धा परीक्षा देणारे आपले तरुण पोलीस आणि महसूल यांपलीकडे कमी पाहतात. कस्टम्समध्ये आयआरएस अधिकारी लोकसेवा आयोगातून जातात, तर प्रिव्हेंटिव्ह ऑफिसर, एक्झामिनर हे कर्मचारी निवड आयोगाच्या पदवीधर परीक्षेतून जातात. तिथे आपल्या आरक्षित जागा आहेत. बाबासाहेब म्हणत की मोक्याच्या जागा काबीज करा. बंदरापेक्षा मोक्याची जागा कोणती? मात्र तिथे जाऊन पाकीट घेणार असाल तर जाऊ नका. सुंकघात करणाऱ्या भिक्खूला संघात जागा नव्हती. बाबासाहेबांच्या नावावर जागा मिळवून तस्कराला वाट मोकळी करून देणाऱ्यालाही चळवळीत जागा असता कामा नये.

कौटिल्याच्या शुल्कशाळेत यज्ञाचा माल फुकट जात होता. इंग्रजाच्या कुंपणाशी गरिबाचे मीठ अडत होते. कँटनच्या बंदरात तोफांच्या जोरावर विष उतरत होते. प्रत्येक ठिकाणी कोणाचे तरी रक्षण होत होतेच. आज त्या नाक्यावर संविधानाचा कायदा आहे. तो कोणाचे रक्षण करील, हे तिथे कोण बसतो आणि त्याच्यावर कोण नजर ठेवतो यावर ठरेल. म्हणून येत्या २६ जानेवारीला झेंडावंदन झाले की आपल्या अभ्यासिकेत या विषयावर अर्धा तास चर्चा ठेवा. अर्ज कसा भरायचा, निर्यात कशी करायची, ११ वे कलम काय म्हणते, हे पोरांना समजावून सांगा.

जय भीम! जय संविधान!